नवं काही करायचं तर आधी वर्गाचं दार उघडा

पेरू देशाने २००८ च्या सुमारास शाळांमध्ये लॅपटॉप वाटायला सुरुवात केली. प्रत्येक मुलाच्या हातात स्वतःचं यंत्र, अशी ती कल्पना होती आणि पुढच्या काही वर्षांत आठ लाखांहून जास्त लॅपटॉप वाटले गेले. इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेच्या अभ्यासकांनी ३१९ ग्रामीण प्राथमिक शाळा तपासून २०१२ मध्ये निष्कर्ष मांडला. गणित आणि भाषेच्या चाचण्यांत लॅपटॉप मिळालेल्या आणि न मिळालेल्या शाळांमध्ये फरक दिसला नाही. तर्कशक्तीच्या चाचण्यांत थोडी वाढ दिसली, हेही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवलं. पण लॅपटॉपवरच्या साहित्याचा अभ्यासक्रमाशी मेळ घातलेला नव्हता आणि ते वर्गात कसं वापरायचं याचं नेमकं मार्गदर्शन शिक्षकांना मिळालेलं नव्हतं.

पेरूचा हेतू चांगला होता, आणि ही चूक एकट्या पेरूची नाही. शाळेत नवं काही करायचं म्हटलं की जगभर पहिला प्रश्न हाच येतो: काय आणायचं? डिजिटल फळा, एखादं ॲप, नव्या नावाची प्रयोगशाळा. आत्ता आपल्या वर्गात मुलं काय शिकताहेत आणि कुठे अडताहेत, हा प्रश्न मागे पडतो, कारण त्याचं उत्तर विकत मिळत नाही आणि ते शोधताना शिक्षकापासून मुख्याध्यापकापर्यंत प्रत्येकाला थोडं अवघडायला होतं. शाळेतला खरा बदल या अवघडलेपणातूनच सुरू होतो, असं माझं ठाम मत आहे. आणि तो टिकायचा असेल तर शाळेने स्वतःकडे पाहताना पालकांना आणि परिसरातल्या माणसांना शेजारी बसवायला हवं. आत्मपरीक्षण आणि समाजाचा सहभाग हे दोन वेगळे उपक्रम म्हणून राबवले की दोन्ही वाया जातात. एकट्याने केलेलं आत्मपरीक्षण हळूहळू स्वतःची पाठ थोपटण्यावर येतं, आणि आत्मपरीक्षण नसलेला सहभाग वर्गणी व स्नेहसंमेलनापुरता उरतो.

स्वतःच्या वर्गाकडे पाहायचं म्हणजे नेमकं काय, याचं मला सर्वांत पटलेलं उत्तर जपानमधलं आहे. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून 'जुग्यो केंक्यू' म्हणजे पाठ-अभ्यासाची परंपरा आहे. काही शिक्षक मिळून एक पाठ आखतात. एक जण तो वर्गात घेतो, बाकीचे वही-पेन घेऊन पाहतात आणि मग सगळे बसून बोलतात. सहकाऱ्याचा तास पाहायला आपणही जातो, पण बहुधा मागच्या बाकावर बसतो आणि तिथून शिक्षक दिसतो. पाठ-अभ्यासात पाहणारे मुलांच्या शेजारी उभे राहतात. जागेतला हा एवढा बदलही किती फरक पाडतो ते पाहण्यासारखं आहे.

समजा, पाठ अपूर्णांकांचा आहे. फळ्यावर प्रश्न आहे: एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? मागच्या बाकावरून पाहिलं तर सगळं सुरळीत चाललंय. पाच-सहा हात वर होतात, एक मुलगा बरोबर उत्तर देतो, शिक्षक शाबासकी देऊन ते फळ्यावर लिहितात. खिडकीजवळच्या बाकाशेजारी उभ्या असलेल्या शिक्षिकेला मात्र वेगळंच दिसतं. तिथल्या मुलीने वहीत एक चतुर्थांश मोठा असं लिहिलं होतं, कारण चार हे तीनपेक्षा मोठे. बरोबर उत्तर ऐकल्यावर ती खोडरबर घेते, आपलं उत्तर पुसते आणि फळ्यावरचं उतरवून घेते. वही आता बरोबर आहे. समज होती तिथेच आहे. संध्याकाळी वह्या तपासणाऱ्याला यातलं काही कळणार नाही. कळेल ते थेट परीक्षेत, आणि तेव्हा 'ही गणितात कच्ची आहे' एवढंच कळेल.

पाठानंतरच्या बैठकीत त्या खोडलेल्या उत्तरावर बोलणं होतं. तुलना करताना अपूर्णांक दाखवणाऱ्या दोन्ही पट्ट्या सारख्याच लांबीच्या काढल्या होत्या का? बरोबर उत्तर फळ्यावर यायच्या आधी वेगळी उत्तरं मागवली असती तर? चूक कुणाची, हा प्रश्न तिथे येतच नाही. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या वर्गात तोच पाठ बदलून घेतला जातो आणि पुन्हा पाहिला जातो. माझ्या दृष्टीने नवोपक्रम म्हणतात तो हा. त्याला निधी लागत नाही. लागतो तो वेळ, आणि आपल्या तासाला दुसऱ्याला येऊ देण्याची तयारी.

जपानी शिक्षणतज्ज्ञ मानाबु सातो यांनी ही परंपरा आणखी पुढे नेली. चिगासाकी शहरात १९९८ मध्ये सुरू झालेल्या हामानोगो प्राथमिक शाळेत त्यांच्या विचारांवर काम झालं. प्रत्येक शिक्षकाने वर्षातून निदान एकदा तरी आपला वर्ग सहकाऱ्यांसाठी खुला करायचा. चर्चेत शिक्षकाने चांगलं शिकवलं की वाईट, यावर बोलायचं नाही. मुलं कुठे शिकली आणि कुठे अडखळली, यावरच बोलायचं. यासोबत आणखी एक गोष्ट त्यांनी आणली, जी मला तितकीच महत्त्वाची वाटते. पालकांनी वर्गाच्या मागे रांगेत उभं राहून आपल्या मुलाकडे बघून हसायचं, हा प्रकार बंद करून त्यांनी पालकांना पाठातच सामील करून घेतलं. पालक मुलांच्या गटात बसले की आपल्या मुलाइतकंच शेजारच्या मुलाचं अडणंही त्यांना दिसतं. शाळेबद्दलची तक्रार आणि कौतुक, दोन्ही मग अधिक नेमकं होतं.

इथे ख्रिस आर्जिरिस आणि डोनाल्ड शॉन या अमेरिकन अभ्यासकांनी १९७० च्या दशकात संस्थांबद्दल मांडलेला विचार उपयोगी पडतो. संस्था शिकते ती दोन पातळ्यांवर. ठरवलेलं काम नीट होतंय का, हे तपासून दुरुस्ती करणं ही पहिली. जे ठरवलंय तेच बरोबर आहे का, असं विचारणं ही दुसरी. बहुतेक शाळा पहिल्या पातळीवर खूप कष्ट घेतात: अभ्यासक्रम वेळेत संपला का, गृहपाठ तपासला का, हजेरी किती. दुसऱ्या पातळीचा प्रश्न असा असतो: अभ्यासक्रम वेळेत संपवण्यासाठी आपण कोणती मुलं मागे सोडतो आहोत? हा प्रश्न शाळेच्या आतून सहसा येत नाही, कारण आतल्या प्रत्येकाचं काम त्याच ठरलेल्या गोष्टींवर बेतलेलं असतं. तो बाहेरून यावा लागतो. मूल रात्री नऊ वाजता गृहपाठापुढे रडताना जिने पाहिलंय, तिच्याकडून.

मग शाळा हे करत का नाहीत? आळस हे कारण मला पटत नाही. कारण भीती आहे, आणि ती निराधार नाही.

गेल्या तीन दशकांत अनेक देशांनी शाळांना स्वयंमूल्यमापन करायला लावलं. स्कॉटलंडमध्ये १९९६ पासून त्यासाठी निकषांचा आराखडा आहे. जॉन मॅकबीथ यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्याच काळात आग्रहाने मांडलं की शाळेबद्दल शाळेनेच बोलावं, आणि त्या बोलण्यात विद्यार्थी आणि पालकही असावेत. कल्पना उत्तम आहे. पण हेच मूल्यमापन वरच्या कार्यालयात पाठवायचं असेल, त्यावरून श्रेणी ठरणार असेल आणि श्रेणीवरून प्रतिष्ठा, प्रवेश आणि बदल्या ठरणार असतील, तर कोणता मुख्याध्यापक लिहील की आमच्या पाचवीतल्या निम्म्या मुलांना सलग वाचता येत नाही? मग कागदी घोडे नाचतात. रकाने भरतात, छायाचित्रं जोडली जातात आणि जे पाहायला हवं होतं ते कुणीच पाहत नाही. सामाजिक मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७० च्या दशकातच बजावलं होतं की एखादा आकडा जितका जास्त निर्णयांसाठी वापरला जाईल, तितका तो आकडा आणि ज्या कामासाठी तो मोजला जातो ते काम, दोन्ही बिघडण्याचा धोका वाढतो. इंग्लंडमध्ये सरकारी शाळांच्या तपासणी अहवालात संपूर्ण शाळेला एका शब्दात दिला जाणारा शेरा वर्षानुवर्षं चालला आणि अखेर सप्टेंबर २०२४ मध्ये तो बंद झाला. फिनलंडने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच शाळा-तपासणीची पद्धत मोडीत काढली. तिथे शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थांनी स्वतःच्या कामाचं मूल्यमापन करावं असं कायदा सांगतो, आणि देशाची स्थिती काही निवडक शाळांच्या नमुन्यावरून पाहिली जाते.

तपासणी अजिबात नको, असं मी म्हणत नाही. मुलांच्या सुरक्षिततेची, पैशांची, शिक्षकांच्या उपस्थितीची बाहेरून तपासणी झालीच पाहिजे. पण तपासणीची फाइल आणि आत्मपरीक्षणाची वही एक असता कामा नये. शाळेने स्वतःच्या उणिवांबद्दल लिहिलेला कागद तिच्याविरुद्ध वापरला जाणार नाही, एवढी हमी मिळाल्याशिवाय आत्मपरीक्षणाची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे.

ही हमी शाळेच्या आतही लागते. बालमनोविकारतज्ज्ञ जेम्स कोमर यांनी १९६८ मध्ये येल विद्यापीठाच्या बालअभ्यास केंद्रातर्फे अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात दोन प्राथमिक शाळांमध्ये काम सुरू केलं. दोन्ही शाळा गरीब, बहुतांश कृष्णवर्णीय वस्तीतल्या आणि अभ्यासात शहरात तळाशी होत्या. पहिलं वर्ष वादळी गेलं. पालक संतापले, वर्ग आवरेनासे झाले. त्यातून कोमर यांनी शिक्षक, पालक आणि कर्मचारी यांची एकत्र नियोजन समिती उभी केली आणि तिला तीन नियम घालून दिले. दोषारोप करायचा नाही, अडचण सोडवायची. निर्णय शक्यतो सहमतीने घ्यायचे. मुख्याध्यापकाला डावलायचं नाही आणि मुख्याध्यापकानेही समितीला डावलायचं नाही. पुढच्या दीड दशकात त्या शाळांतली मुलं वाचन आणि गणितात खूप वर चढली आणि ही पद्धत शेकडो शाळांनी घेतली. मला यातला पहिला नियम सर्वांत अवघड वाटतो. 'घरी लक्ष देत नाहीत' आणि 'शाळेत शिकवत नाहीत' ही दोन वाक्यं इतकी सवयीची झालेली आहेत की ती वगळून बैठक चालवायची म्हटलं तर पहिली काही मिनिटं शांततेतच जातील.

आता सहभागाबद्दल. शाळा समाजाकडे जाते ती बहुधा काहीतरी मागायला: रंगकामाला पैसे, संगणक, पारितोषिकं, व्यासपीठावर बसायला पाहुणे. दात्यांचं मोल मी कमी लेखत नाही. छप्पर गळत असेल तर आधी छप्परच दुरुस्त करावं लागतं. पण समाजाकडे पैशापेक्षा मोठी गोष्ट असते ती म्हणजे माहिती. मूल शाळेबाहेर काय जाणतं आणि काय करू शकतं याची माहिती. ती घ्यायला शाळा क्वचितच जाते.

अमेरिकेतल्या टूसॉन शहरात लुईस मोल, नॉर्मा गोन्झालेझ हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे करून पाहिलं आणि १९९२ मध्ये त्यावर लिहिलं. मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी कुटुंबांमध्ये शिक्षक स्वतः गेले. गेले ते शिकवायला किंवा मुलाची गाऱ्हाणी सांगायला नव्हे. त्या घराला काय काय येतं हे समजून घ्यायला गेले. शेती, बांधकाम, यंत्रदुरुस्ती, औषधी वनस्पती, सीमेपलीकडचा व्यापार असं बरंच काही निघालं. एका शिक्षिकेला कळलं की तिच्या वर्गातला एक मुलगा मेक्सिकोहून मिठाई आणून शेजारीपाजारी विकतो. वर्गात जो फक्त विद्यार्थी होता, तो घरी छोटा व्यापारी होता. तिने मिठाईवर अख्खं प्रकरण बेतलं. दोन देशांतल्या मिठाईतले घटक तपासले, आलेख काढले, आणि एका पालक-आईला वर्गात बोलावून प्रत्यक्ष मिठाई बनवून घेतली. ती आई त्या दिवशी वर्गाची शिक्षिका होती. या सगळ्यात शाळेच्या साहित्यात भर पडली नव्हती. शिक्षिकेची त्या घराकडे पाहण्याची नजर बदलली होती, आणि ती बदलायला तिला उंबरा ओलांडून जावं लागलं होतं.

कोलंबियाच्या ग्रामीण भागात १९७० च्या दशकाच्या मध्यापासून 'एस्कुएला नुएवा' म्हणजे नवी शाळा नावाचं काम उभं राहिलं. विकी कोल्बर्ट यांचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे, आणि मुळाशी होते एकाच खोलीत अनेक इयत्ता सांभाळणारे शिक्षक. या शाळांत मुलं गावाचा नकाशा काढतात: कुणाचं घर कुठे, पाणी कुठे, रस्ता कुठे तुटतो. शेतीच्या कामांचं वेळापत्रक वर्गात लागलेलं असतं, त्यामुळे हंगामात कोणती मुलं घरच्या कामाला लागतील हे शिक्षकाला आधी कळतं. अशा मुलाला मागे पडल्याची शिक्षा होत नाही. स्वयंअध्ययनाच्या पुस्तिका असल्याने ते परत आल्यावर जिथे सोडलं तिथून पुढे जातं. आणि जवळपासच्या शाळांमधले शिक्षक ठरावीक काळाने एकत्र येऊन आपापल्या वर्गातल्या अडचणी मांडतात. लॅटिन अमेरिकेत युनेस्कोने केलेल्या आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक अभ्यासात, महानगरं वगळली तर कोलंबियातली ग्रामीण मुलं शहरी मुलांच्या पुढे असल्याचं दिसलं. एरवी सगळीकडे चित्र उलट असतं. शाळेच्या आतली चर्चा आणि गावाची माहिती एकमेकांत मिसळली की काय होतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

इटलीतल्या रेज्जो एमिलियाजवळ व्हिला चेल्ला या गावात १९४५ साली युद्ध संपताच लोकांनी बालशाळा बांधायला घेतली. मागे राहिलेला एक रणगाडा, काही ट्रक आणि घोडे विकून आलेल्या पैशांतून काम सुरू झालं. ते पाहायला आलेले तरुण शिक्षक लोरिस मालागुझी पुढे आयुष्यभर या बालशाळांशी जोडलेले राहिले. या कहाणीतला रणगाडा लोक लक्षात ठेवतात. मला महत्त्वाची वाटते ती पुढे रुजलेली सवय: मुलं काय म्हणाली, काय काढलं, कशावरून भांडली याच्या नोंदी शिक्षक ठेवतात, त्या भिंतींवर लावतात आणि पालकांसोबत त्यांचा अर्थ लावतात. तिथे गावाने शाळा बांधून देऊन हात झटकले नाहीत.

एवढं सगळं मांडल्यावर एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. 'समाज' म्हणून शाळेत येतो तो कोण? ज्यांच्याकडे वेळ, भाषा आणि वट आहे ते. समितीवर तेच बसतात आणि जिचं मूल सर्वांत मागे आहे ती आई कामावर असते. अमेरिकेतल्या शिकागो शहरात १९८८ च्या कायद्याने प्रत्येक शाळेला स्थानिक परिषद मिळाली. तीत सहा पालक, परिसरातले दोन प्रतिनिधी, दोन शिक्षक आणि मुख्याध्यापक होते. मुख्याध्यापक निवडण्याचा अधिकारही तिला होता. भारतातल्या २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानेही शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असं सांगितलं, आणि शाळेचा विकास आराखडा त्या समितीने करावा असंही सांगितलं. कायद्याने खुर्ची मिळते, आवाज मिळेलच असं नाही. शिकागोच्या प्राथमिक शाळांचा १९९० च्या दशकात अभ्यास करणाऱ्या अँथनी ब्रिक आणि बार्बरा श्नायडर यांना दिसलं की फरक पाडतो तो परस्परविश्वास. सुरुवातीला विश्वासाचं नातं घट्ट असलेल्या शाळांना वाचन-गणितात ठळक सुधारणा साधण्याची शक्यता दोनात एक होती. ते कमकुवत असलेल्या शाळांना सातात एक.

हा विश्वास घोषणांनी येत नाही, रोजच्या छोट्या व्यवहारांतून साचतो. पालकाने सांगितलेली अडचण पुढच्या बैठकीत पहिल्यांदा घेतली गेली का? शिक्षकाने कबूल केलेली उणीव गावभर चघळली गेली का? आणि सीमाही स्पष्ट हव्यात. अपूर्णांक कसे शिकवायचे हे शिक्षकच ठरवेल, तो त्याच्या व्यवसायाचा भाग आहे. अपूर्णांक घरी कुठे आणि कसे अडतात हे पालक सांगतील, ते त्यांच्याशिवाय कुणालाच ठाऊक नसतं. प्रायोजक संस्थांनाही हाच नियम लावावा. फलकावर नाव हवं असणाऱ्यापेक्षा, सहा महिन्यांनी येऊन 'याचा मुलांना काय उपयोग झाला, दाखवा' असं विचारणारा भागीदार मला अधिक मोलाचा वाटतो.

दुसरा आक्षेप वेळेचा. शिक्षकांकडे माहिती भरण्याची, सर्वेक्षणाची, कार्यक्रमांची इतकी कामं असतात की पाठाबद्दल बोलायला तास उरत नाही, हे अगदी खरं आहे. म्हणूनच आत्मपरीक्षण हे शिक्षकांच्या हौसेवर सोडू नये. वेळापत्रकात आठवड्याला दीड-दोन तास त्यासाठी राखून ठेवावेत आणि त्या तासांचा अहवाल कुणीही मागू नये. नवं काही सुरू करण्याआधी शाळेचं एखादं जुनं, निरुपयोगी काम बंद करण्याचा अधिकार मुख्याध्यापकाला द्यावा.

सुरुवात लहानच असावी. वर्षाला एकच प्रश्न घ्यावा, आणि तो नेमका असावा: चौथीतली मुलं वाचताना कोणत्या प्रकारच्या शब्दांवर थांबतात? तिसरीनंतर कोणती मुलं वर्गात बोलेनाशी होतात? दोन शिक्षकांनी महिनाभर मुलांच्या शेजारी उभं राहून नोंदी कराव्यात. मग पालकांना बोलवावं, पण नेहमी येणाऱ्यांना नव्हे. ज्यांची मुलं त्या नोंदींमध्ये आहेत त्यांना, आणि त्यांच्या कामाच्या वेळा सांभाळून. जमत नसेल तर शिक्षकांनी त्यांच्याकडे जावं. नोंदी त्यांच्यापुढे ठेवाव्यात आणि घरी काय दिसतं ते विचारून लिहून घ्यावं. त्या माहितीवरून कोणता पाठ बदलायचा ते शिक्षकांनी ठरवावं, आणि बदललेला पाठ पाहायला त्याच पालकांना पुन्हा बोलवावं.